फाईलमधला ‘टीकाखोर’

साहेबराव काकांच्या फाईलमध्ये ‘टीकाखोर’ हा शब्द मी टाईप केला होता.

परवा काका गेले. हार्ट अटॅक. वय सत्तावन्न.

चितेगावची माणसं त्यांना ओळखतात. बाकीच्यांसाठी सांगतो. पैठण रोडवरच्या एका कंपनीत ते पॅकिंगला होते, बावीस वर्षं. मी तिथंच एचआरमध्ये.

तीन वर्षांपूर्वी मी कामगारांचं ट्रेनिंग घेतलं. विषय : क्रिटिसिझम. प्रत्येकानं आपल्या सुपरवायझरबद्दल मोकळेपणानं बोलायचं.

काका म्हणाले, “सर, टीका म्हंजे नावं ठिवणंच की. ते नाय जमायचं आपल्याला.”

मी फुशारकीनं म्हणालो, “नाही काका. नावं ठेवणं वेगळं. टीका म्हणजे पारखून सांगणं. आधी चांगलं काय ते, मग कुठं चुकतंय ते. आणि इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही. शब्द देतो.”

त्यांनी आठ दिवस मागून घेतले. आठ दिवस खरंच बघत राहिले.

पुढच्या सेशनला उभे राहिले. टोपी हातात.

“आपले सुपरवायझर लई हुशार. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिले विचारतेत. पण सर, लाईनवरच्या बायांला बाथरूमला सोडत नाईत. म्हणून त्या सकाळपासून पाणीच पेत नाईत. उन्हाळ्यात बी. तेवढं बघा.”

बाया खाली बघत होत्या.

बाथरूमची गोष्ट मॅनेजरच्या कानावर गेलीच. संध्याकाळी त्यानं बोलावलं. “कोण बोललं हे?”

माझं प्रमोशन अडकलं होतं. मी नाव सांगितलं.

“रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते तू बघ.”

मी बघितलं. ‘टीकाखोर स्वभाव. टीममध्ये मिसळत नाही.’

आठवड्यात काका स्क्रॅप यार्डात. एप्रिलच्या उन्हात, उघड्यावर.

बाथरूमचं काहीच झालं नाही.

एकदा गेटवर भेटले. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “सर, माझं सांगायचं चुकलं का कुठं? आधी चांगलं सांगितलं होतं ना मी?”

“मॅनेजमेंटचा डिसिजन आहे काका,” म्हणालो आणि मोबाईल कानाला लावला.

फोन आलाच नव्हता.

त्या माणसाला वाटत होतं, मी शिकवलेलं त्यालाच नीट जमलं नाही. ‘तुम्ही बरोबर होता’ एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता?

पुढं मी नोकरी बदलली. शेंद्र्याला गेलो. प्रमोशन घेऊनच.

आज सावडायला गेलो होतो. काकूंनी विचारलं, “तुम्हीच ना ते शिकवणारे सर? लई नाव काढायचे तुमचं. म्हणायचे, इतक्या वर्षांत आपल्याला कुणी विचारलं तरी.”

शेजारणीनं आणलेला चहा त्यांनी माझ्या हातात दिला.

मी प्यालो. त्यांच्या पाया पडलो. आणि काही न सांगता गाडी काढली.

आता बायपासला गाडी बाजूला लावून हे लिहितोय. काकूंकडं साधा फोन आहे, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट जाणार नाही. मला ते माहीत आहे, म्हणूनच इथं लिहायला जमतंय.

दहाव्याला परत जाणार आहे. तोंड उघडेल का, सांगता येत नाही.

साहेबराव काका, तुम्हाला श्रद्धांजली वाहायला माझे हात स्वच्छ नाहीत.

तरी जोडतो.