पहिलं वाक्य

बऱ्हाणपूरला गाडी पोहोचली तेव्हा ऊन चढलं होतं. आश्विनातलं ऊन, पण चटका वैशाखाचा. नाशिकहून निघताना शाल घेतली होती, तिचं आता हसू येत होतं. रिक्षावाल्याला राजपुऱ्यातलं सुशीलाचं घर सांगू लागले, तर तो मध्येच म्हणाला, "टेपवाले भैया के घर? बैठो मावशी."

सुशीला माझी जळगावच्या अध्यापक विद्यालयातली मैत्रीण. आता इथल्या सरकारी शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ माधव पंचेचाळिशीचा आहे, पण शर्टाची बटणं त्याला लावता येत नाहीत. स्वतःहून तो कधी बोलत नाही. मात्र एकदा कानावर पडलेलं त्याच्या डोक्यातून जात नाही. बोलण्याचं पहिलं वाक्य कुणी म्हटलं, की पुढचं सगळं तो त्या त्या माणसाच्या आवाजात म्हणतो. मधलं खोकणं, थांबणंसुद्धा. म्हणून गल्लीतली पोरं त्याला टेप म्हणतात.

"तू वीस वर्षांपूर्वी आली होतीस ना," सुशीला म्हणाली आणि माधवकडे वळली. "बाई गं, केवढं हे ऊन!"

माधव खिडकीच्या गजांकडे बघत बोलू लागला. आवाज माझा होता. जळगावची गाडी, डब्यातली गर्दी, कुणाचीतरी नक्कल आणि मग खदखदून हसणं. एवढं मोकळं मी कधी हसत होते, हे मी विसरूनच गेले होते.

जेवणात सुशीलाने दराबा (रवा, तूप नि साखर खूप वेळ घोटून केलेली इथली मिठाई) वाढला. तोंडात टाकताच विरघळला. मी विचारलं, "आईंची आठवण तो काढतो का?"

सुशीलाची आई याच वैशाखात गेली. दुपारी घरात दोघंच होती, आई आणि माधव. सुशीला निवडणुकीच्या कामावर होती.

"ती अख्खी दुपार ह्याच्या डोक्यात आहे," ती म्हणाली. "पण पहिलं वाक्य ठाऊक नाही ना. पाणी दे, औषध दे, देवा, सगळं म्हणून बघितलं. जुन्या गोष्टी निघतात, ती दुपार नाही निघत. रोज शाळेतून आले की एकेक वाक्य म्हणू राहिले मी."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं होडीने ताप्ती (आपण तिला तापी म्हणतो) ओलांडून जैनाबादला गेलो. पलीकडे जुन्या बागेच्या भिंती, त्यांच्याही पुढे केळीचे मळे. होडीवाला म्हणाला, "भैया को मेरे बाबा का आवाज आता है. कभी कभी बोलवा लेता हूँ." त्याने म्हाताऱ्याची हाळी घातली आणि माधव नदीकडे बघत त्याच्या बापाच्या आवाजात पुढचं बोलत राहिला. होडीवाला वल्हं थांबवून ऐकत होता. परतताना घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात गेले. सुशीला हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

त्या भिजण्याने सकाळी मला कणकण आली. रविवार होता. सुशीलाने मला आईच्या खाटेवर निजवलं. दुपारी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती, माधव उशाशी बसला होता. मला हुडहुडी भरली. मी म्हटलं, "पंखा कमी कर रे जरा."

माधव उठला नाही. खिडकीकडे बघत तो म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "थंडी वाजू राहिली मला. हाव, तेवढाच राहू दे. बैस आता इथं."

सुशीला दारात आली. हाताला कणीक तशीच. मी माधवला थांबवायला हात पुढे केला, तर तिने मान हलवली.

"सुशी आली का रे?" माधव म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास. रस्त्यावरून गेलेल्या भंगारवाल्याची हाळी. पुन्हा, "तिला सांग, माझं जेवण झालं. नाहीतर ती आल्या आल्या चुलीपाशी जाईल. दमून येते पोर." पुन्हा शांतता. "सुशी आली का?" हे आधीपेक्षा हळू.

त्यानंतर इतका वेळ काहीच नव्हतं, की मला वाटलं संपलं. सुशीला भिंतीला टेकून खाली बसली होती. मग माधवने कडी वाजल्याचा आवाज काढला आणि सुशीलाच्या आवाजात बोलू लागला.

"आई, झोपलीस का? आज किती उशीर केला त्या लोकांनी. उन्हात उभं ठेवलं नुसतं. पड तू, पड. मी चहा टाकते, मग उठवते तुला. अगं, आणि गंमत सांगायची राहिली..."

सुशीला उठली आणि माधवच्या तोंडावर तिने हात ठेवला. कणीक त्याच्या गालाला लागली.

"पुढचं मला माहीत आहे," ती म्हणाली.

 संध्याकाळी दिवा लावताना ती एवढंच म्हणाली, "वैशाखात तिला थंडी वाजत असेल, हे माझ्या मनातच नाही आलं."

ताप उतरल्यावर मी निघाले. स्टेशनवर माधव तिचा पदर धरून उभा होता. "आता रोज म्हणशील?" मी विचारलं.

"नाही गं. त्याच्याच्यानं ते आवरत नाही, एकदा सुरू झालं की. त्यालाही त्या दुपारी एकट्यानं बसावं लागलं होतं, हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं."

गाडी सुटली. माधवला ते वाक्य ऐकताना काय होत असेल, ते कुणालाच कळायचं नाही. लोक त्याच्या डोक्याला देणगी म्हणतात, मीही म्हणत असे. केळीचे मळे मागे पडले तेव्हा मी माझ्या आईचं काही आठवू लागले. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. शब्द आठवले, रागावणं आठवलं, हाक मारताना ती माझं नाव कसं मोडायची तेही आठवलं. आवाज मात्र येईना. भुसावळ आलं तरी मी प्रयत्न करत होते.