मी पाहिलं, असं मी छापलं होतं

नांदेडच्या दवाखान्यातला तो वॉर्ड वेड्यांचा होता आणि मी वेडा नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. तिथल्या प्रत्येकानं हेच सांगितलं असतं, ठाऊक आहे मला. पण त्यांच्यातल्या कुणी पत्रकं काढली नव्हती. मी काढली होती. स्टेन्सिल स्वतः कापून, कोपरापर्यंत काळा होऊन, दुष्काळात पायी गावोगाव वाटली होती.

मला तिथं घातलं माझ्या थोरल्या भावानं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नव्या खुर्च्या, आणि त्यातल्या एका खुर्चीवर आमचे बंधुराज कारकून. त्या कचेरीच्या फाटकासमोर मी भोंगा घेऊन उभा राहिलो, झोपेविना बोलत राहिलो, तेव्हा साहेबानं भावाला विचारलं, "हा तुमचा कोण?" झालं. त्यानं मला जीपमध्ये कोंबलं. वाटेत लोह्याला गाडी थांबवून चहा मागवला. "तुझ्या भल्यासाठीच करून राहिलो रे," म्हणाला. मी तो चहा त्याच्या नव्या चपलांवर ओतला.

भोंग्यावर मी सांगत होतो ते साधं होतं. आमच्या गावच्या शिवेवर एक विहीर आहे. टँकर तिच्यात रिकामा व्हायचा, आणि सरपंचानं तिच्यावर राखणदार बसवला होता. आमच्या बौद्ध वस्तीची पाळी सगळ्यांत शेवटी, म्हणजे गाळाची. त्या राखणदाराला एका दुपारी कुणीतरी विहिरीत ढकललं आणि तो मेला. आदल्या दिवशी माझ्या मामेभावानं पाण्यावरून त्याची गचांडी धरली होती. सगळ्या गावानं ते पाहिलं होतं. म्हणून पोलिसांनी मामेभावाला उचललं. तेवढा विचार त्यांना पुरतो. खरं तर त्या दिवशी त्यांना मारेकरी नकोच होता, मेलेला माणूस कुणाचा हेच त्यांचं ठरत नव्हतं. शिवेवरची विहीर म्हणजे जिल्ह्याचीही हद्द. नांदेडचा जमादार म्हणे प्रेत लातूरचं, लातूरचा म्हणे नांदेडचं. ऊन उतरेपर्यंत दोन्ही जिल्हे काठावर विड्या ओढत बसले, आणि खाली माणूस पालथा.

ढकललं होतं सरपंचाच्या पुतण्यानं. टँकरचं पाणी त्याच्या उसाला जायचं. राखणदाराला ते माहीत होतं आणि तो चारचौघांत बोलायला लागला होता. मी पत्रकात छापलं: 'आम्ही या डोळ्यांनी पाहिले. पांढऱ्याशुभ्र धोतरातला तो नराधम काठावर उभा राहून हसत होता.'

वॉर्डचा डॉक्टर पुण्याकडचा, बोलणं इस्त्री केल्यासारखं. भावानं त्याला माझी सगळी पत्रकं आणून दिली होती.

"तेव्हा तुम्ही नक्की कुठे उभे होतात?"

"बाभळीखाली."

"तुमच्या आई म्हणतात, त्या दिवशी तुम्ही शाई आणायला मुदखेडला गेला होतात."

"आईला वार कळत नाहीत."

"बरं. सरपंचांचा पुतण्या धोतर नेसतो का?"

पुतण्या माझ्याच वयाचा, टेरिकॉटची बेलबॉटम घालून फटफटीवर हिंडणारा. त्याला धोतर नेसता तरी येत असेल का, देव जाणे. पण मला तो धोतरातच दिसत होता.

"तुमच्या प्रत्येक पत्रकातला प्रत्येक जुलमी माणूस धोतरात आहे," डॉक्टर म्हणाला. "सावकार, सरपंच, ठेकेदार, सगळे. आधी पाहिलंत आणि मग लिहिलंत, की आधी लिहिलंत?"

पांढरपेशा माणूस पत्रक हातात घेतो ते चुका काढायला. माणूस मेला त्याचं काही नाही, धोतराची चौकशी.

पुतण्या वॉर्डातही यायचा. दुपारी खिडकीबाहेर उभा राहून माझ्याकडे बघायचा. शेजारच्या खाटेवर उदगीरचा एक म्हातारा लिंगायत दुकानदार होता, गळ्यात लिंग. त्याला मी दाखवलं.

"ते लिंबाचं झाड हाय, बापू."

"झाडाला धोतर असतंय का?"

"तुला दिसून राहिलं तर असंल. मला कशाला भांडतो? मला तर माझी बायको दिसती तिथं, ती मरून लई वर्सं झाली."

मग कळलं की फौजदार माझा जबाब घ्यायला येणार आहे. मामेभाऊ सुटला तर माझ्याच साक्षीनं सुटणार होता. दुसरा साक्षीदार नव्हता. नाही सुटला तर जन्मठेप. मी गोळ्या जिभेखाली धरून थुंकायला लागलो, डोकं साफ राहावं म्हणून.

आदल्या दिवशी मामी आली, मामेभावाची आई. जयभीम नाही, बसणं नाही.

"तू तिथं व्हतास का?"

"मामी, मी छापलंय ना..."

"छापलेलं पोरींनी वाचून दावलं मला. तू व्हतास का, ते इचारून राहिले."

"होतो."

"मग मी कुठं व्हते, सांग बरं."

"तू घरी असशील की."

"हिरीत व्हते, मुडद्या! खाली. वाटीनं घागर भरून राहिले व्हते, चोरून. तो मानूस माझ्या अंगाजवळ येऊन पडला. मी कपारीत घुसले. वर पाह्यलं तर काठावर बूट. त्या सरपंचाच्या पुतण्याबिगर गावात बूट कुणाच्या पायात हायत? तो गेला तवा वर चढून पळाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलला व्हतास की! शिकलेला गडी, कागदावर आनलं. मला वाटलं, झालं, पोरगं सुटलं. आपुन कशाला पानीचोर म्हनून घ्यावं? आता वकील म्हनतो, एका घरातले दोन साक्षीदार, एक म्हनतो धोतर, एक म्हनतो बूट. दोघं बी खोटे. आन त्यातला एक येडा."

"मी वेडा नाही."

"मग शाना हो. उद्या फौजदाराला सांग, म्या पाह्यलं न्हाई."

"पण मामी, मी पाहिलंय."

"पाह्यलं असंल तर डोळ्यात ठिव. तोंडात नको."

दुसऱ्या दिवशी फौजदार टोपीनं वारा घेत स्टुलावर बसला. एवढ्या लांब वेड्याकडे यावं लागलं म्हणून वैतागलेला. मी म्हणालो, "मी पाहिलं नाही. मी मुदखेडला होतो." त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टरानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. भाऊ केळी घेऊन आला. लोकांना किती स्वस्तात शहाणा माणूस मिळतो! महिनोन्‌महिने मी घसा फोडून सांगत होतो तेव्हा वेडा. एका वाक्यात माघार घेतली तर बरा. आठवड्याभरात मला घरी सोडलं.

मामीनं जबाब दिला. फौजदार म्हणाला, "म्हणजे पाणी चोरत होतीस म्हण की." ती म्हणाली, "हाव, चोरत व्हते. ल्ह्या." गावात तिच्या घागरीला शेण फासलं गेलं. तिनं ती घासली आणि परत विहिरीवर गेली.

खटला लातूरला उभा राहिला. तिच्या साक्षीच्या दिवशी मी निघालो तर तिनं मला एसटीच्या दारात अडवलं. "कोर्टाच्या आत यायचं न्हाई. आलास तर बोलशील." मी कोर्टासमोरच्या टपरीवर बसलो. आत काळे कोट काय काय विचारत असतील, ती कुठं अडखळत असेल, मी असतो तर काय सांगितलं असतं, सगळं मनात जुळवत होतो. कुणी मला बोलवायला आलं नाही. खटला माझ्याशिवाय चालला होता.

निकालाच्या दिवशी मामेभाऊ सुटून बाहेर आला, हाडांचा सापळा होऊन. मी टपरीवरून उठलो, मूठ वर केली, घोषणा द्यायला तोंड उघडलं. मामीनं माझ्याकडे बघून नुसती नको म्हणून मान हलवली. मी मूठ खाली घेतली. मग तिघं एसटीत बसलो, आणि गाव येईपर्यंत माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.