एसीतलं रिकामं पान

हसू नका, असं मी म्हणणार नाही. खुशाल हसा! पण एवढी फजिती होऊनही माझा हट्ट काही सुटलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मुलाचा पगार वाढला आणि आमचा डबा बदलला! जन्मभर सोलापूर-पुणे जनरलमधून केलं. यंदा नातीच्या बारशाला त्यानं आम्हा दोघांची एसीची तिकिटं काढली. ऐन वेळी यजमानांची कंबर धरली, ते घरीच राहिले. म्हणजे शेजारची सीट रिकामी!

आणि त्याच गाडीत, मागे जनरलमध्ये कोण? आमच्या गल्लीतली लक्ष्मी. विड्या वळते, माझ्याबरोबर सोळा सोमवार करते. गुडघे हे एवढे सुजलेले, पुण्याला लेकीकडे दवाखान्यासाठी निघालेली. मी गारव्यात बसू आणि ती तिथं चेंगरू? लावला फोन.

"लक्ष्मी, ये इकडं. जागा आहे."

"नको अक्का, हितं मला..."

"हितं-बितं काही नाही. ये म्हणते ना!"

आली बिचारी लंगडत. गाडी सुटली आणि टीसी हजर.

"मावशी, यांचं तिकीट जनरलचं आहे."

"सीटचं भाडं भरलंय की आम्ही!"

"ते काकांच्या नावावर."

"अहो, उद्यापनाला एक सवाष्ण आली नाही, तर तिचं पान रिकामं ठेवतात का? दुसरीला बसवतात!"

डब्यातल्या लोकांनी कानातल्या वायरी काढल्या. टीसीला हसू आवरेना.

"मावशी, ही रेल्वे आहे. कुर्डुवाडीला यांना मागं जावं लागेल."

"मग मीही जाते! माझा महादेव काही एसीतच पावतो असं नाही!"

आणि गेले! मान ताठ, एका हातात पिशवी, दुसऱ्यात लक्ष्मी. जनरलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. दारात उभ्या उभ्या माझं भाषण चालूच. "पैसा बघून माणसाला जागा द्यायची? हा कुठला न्याय?"

लक्ष्मी गुडघा चोळत कोपऱ्यातल्या खिडकीकडं बघत होती. तिथं एक बाप्या पाय पसरून घोरत होता.

"काय बघतेस गं?"

"माझी जागा, अक्का. गाडी लागायच्या आधी येऊन धरलेली."

"अगं बाई! मग फोनवर सांगायचं नाहीस?"

"तेच सांगत व्हते की! तुमी बोलू कुटं दिलं?"