शहाण्या कड्याचे वाचक

लिहिणाऱ्याला वाटतं, शेवटचं पान झालं की काम संपलं. खोटं आहे हे! खरं काम त्यानंतर सुरू होतं. ते म्हणजे लोक जिथे गाठतील तिथे उभं राहून ऐकून घेणं. भाजी घेताना, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. माझ्याकडे आता इतकं साठलंय की मूळ कादंबरीपेक्षा हेच जाड होईल.

मी चिखलीच्या एका शाळेत मराठी शिकवते. कादंबरीचं नाव ‘शहाणं कडं’. गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काळ पुढचा, गाव आपल्यासारखंच तालुक्याचं. पोरं टोळ्या करून रॉड घेऊन फिरतात आणि मजा म्हणून माणसं फोडतात. मग सरकार एक कडं काढतं. ते मनगटात अडकवलं की मारायचा विचार आला रे आला, हात लुळा! टोळीचा म्होरक्या दिल्या एकदम सज्जन होतो. गाव खूश. पण दिल्या सज्जन झाला, की त्याला सज्जन केलं? शेवटी कडं तुटतं, दिल्या हातात दगड घेऊन बसलेला असतो, आणि मी तिथेच थांबते.

मला वाटलं, लोक अस्वस्थ होतील. झालेही. पण कशाने, ते ऐका.

*

पहिल्या वाचक शेजारच्या सुलोचनाकाकू. चार दिवसांत वाचून पुस्तक परत द्यायला आल्या.

“वंदना, हे कडं कुठं भेटते वं?”

“काकू, कादंबरी आहे ती. मनानं रचलंय सगळं.”

“ते समजलं मले. पण तुह्या डोक्यात आलं म्हणजे कुठंतरी पाहिलंच असशीन ना! आमच्या पवनसाठी पाहून राह्यली होती मी.”

मी दहा मिनिटं समजावलं. कडं वाईट आहे, ते माणसाचं माणूसपण काढून घेतं, आख्खी कादंबरी त्या कड्याच्या विरोधात आहे. काकूंनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि निघाल्या. फाटकापाशी जाऊन वळल्या.

“दोन सांगजो. एक पवनच्या बापाले!”

*

स्टाफरूममध्ये गणिताचे देशमुख सर आहेत. अतिशय सोवळा माणूस. चहा सांडला तरी ‘अरेरे’च्या पुढे जात नाहीत. कादंबरीत टोळीतली पोरं बोलतात, त्यामुळे शिव्या भरपूर. मी सरांना पुस्तक द्यायचं टाळत होते, त्यांनी स्वतः मागून नेलं.

आठवड्यानं परत आलं तर पेन्सिलच्या रेघाच रेघा! मला फार आनंद झाला. एवढं बारकाईनं कोण वाचतं? पाहिलं, तर रेघा फक्त शिव्यांखाली. बाकी पुस्तक कोरं.

“सर, राग आला का?”

“नाही नाही. राग कशाचा?” सरांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “फक्त एक सुचवू? तिसऱ्या प्रकरणातली शिवी चुकलीय. ती तशी देत नाहीत.”

*

आमच्या मुख्याध्यापकांना मात्र पुस्तक मनापासून आवडलं. इतकं की त्यांनी प्रार्थनेच्या वेळी माईकवरून जाहीर केलं, “माणसाला निवडीचं स्वातंत्र्य असलं पाहिजे, असा थोर विचार आपल्या मॅडमनी मांडला आहे. तेव्हा नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हे पुस्तक वाचलंच पाहिजे! जो वाचणार नाही, त्याला मैदानावर उभं करण्यात येईल.”

मी मागून खूप खुणा केल्या. त्यांना वाटलं, मी आभार मानतेय.

मग त्यावर निबंध. बेचाळीस वह्या माझ्याच टेबलावर आल्या. पहिली उघडली: ‘प्रत्येकाने स्वताच्या डोक्याने विचार करावा.’ दुसरी उघडली: ‘प्रत्येकाने स्वताच्या डोक्याने विचार करावा.’ बेचाळिसाव्या वहीपर्यंत तेच वाक्य, आणि ‘स्वतः’चा विसर्ग बेचाळीस ठिकाणी गायब!

मी मुख्याध्यापकांना दाखवलं. सर गहिवरले.

“बघा मॅडम, किती खोलवर रुजलाय विचार!”

*

आता प्रकाशन समारंभाचं सांगते. मला साधा कार्यक्रम हवा होता, पण हॉल फुकट मिळाला तो इथल्या एका पुढाऱ्याच्या, भाऊंच्या ओळखीनं, म्हणून प्रमुख पाहुणे भाऊच. भाऊंनी पुस्तक वाचलं नव्हतं. ते गाडीतून उतरत असताना मी दोन वाक्यांत गोष्ट सांगितली, तेवढ्यावर ते उभे राहिले.

“मॅडमनी जे कडं दाखवलं, ते आपल्या तालुक्यात आलंच पाहिजे! मी शब्द देतो, वरपर्यंत पाठपुरावा करीन!”

टाळ्यांचा कडकडाट! सुलोचनाकाकू तर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

खरी मजा पुढे आहे. भाऊंच्या दोन गटांची पोरं मोटारसायकली घेऊन आली होती. आधी हार कोणाचा, यावरून बाचाबाची झाली. एकानं दुसऱ्याचा हार ओढला, दुसऱ्यानं खुर्ची उचलली. मी स्टेजवर कादंबरीतला टोळीयुद्धाचा उतारा वाचत होते, आणि मागच्या रांगेतल्या एका आजोबांना वाटलं, हा वाचनाचाच भाग आहे.

कार्यक्रमानंतर ते मुद्दाम भेटायला आले. “मॅडम, लिखाण ठीकठाक आहे. पण नाटक लय भारी बसवलं!”

*

पुण्याहून एका जाणकार वाचकांचं चार पानी पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं. ‘आपल्या कादंबरीचा सर्वांत मोठा विशेष म्हणजे टोळीची भाषा. भविष्यातल्या बिघडलेल्या तरुणांसाठी आपण एक संपूर्ण कृत्रिम बोली घडवली आहे. “काऊन बे”, “मले”, “जाऊन राह्यलो” या प्रयोगांतून भाषेची जी मोडतोड सूचित होते, ती अंगावर काटा आणते. पुढील आवृत्तीत शब्दसूची द्यावी.’

मी पत्र दोनदा वाचलं. मग जेवताना घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. यजमान हसले, सासूबाईंना काही कळलं नाही. माझा भाऊ तेव्हा आलेला होता, चिखलीतच त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. त्याचा घास हातातच राहिला.

“काऊन बे ताई, म्हणजे आपण भविष्यात राहून राह्यलो काय?”

*

धामणगाव बढ्याला एक किराणा दुकानदार आहेत, बळीरामभाऊ. त्यांचा फोन आला तो थेट मुद्द्यावर.

“मॅडम, दिल्यानं दगड मारला का नाही, तेवढं सांगा. गिऱ्हाईक उभं आहे.”

मी म्हटलं, ते वाचकानं ठरवायचं.

“कसं ठरवाचं? पोरगा म्हणते मारला, मी म्हणतो नाही मारला. तीन दिवस झाले, एका काउंटरवर बसतो अन् बोलत नाही आम्ही!”

“मग तुम्ही तुमचं ठरवा, तो त्याचं ठरवेल. दोन्ही बरोबर.”

बळीरामभाऊ फार दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “आमालेच ठरवा लागत असन, तर पुस्तक कायले लिहिलं मॅडम?”

*

आणि हा नांदुऱ्याचा वाचक.

प्रफुल्ल नावाच्या मुलाचा फोन आला. पंचविशीचा असेल. म्हणाला, “मॅडम, तुमचं पुस्तक आम्ही दोघायनं वाचलं. एकदा घरी या.” सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गेले. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर. प्रफुल्ल अंगणात खुर्चीवर बसलेला. उजवा हात खांद्यापासून निर्जीव, डावा सारखा थरथरतो. तीन वर्षांपूर्वी मिरवणुकीत भांडण झालं आणि कोणीतरी रॉडनं मारलं, हे त्यानं हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

“पुस्तक धरता येत नाही मले. म्हणून तो वाचते अन् मी ऐकतो.”

“तो कोण?”

“नितीन. त्यानंच मारलं होतं.”

मी काही बोलायच्या आत घरातून प्रफुल्लची आई चहा घेऊन आली, आणि तिच्या मागे पाण्याची वाटी, साबण, दाढीचा ब्रश घेऊन एक धिप्पाड तरुण. मला नमस्कार करून तो खाली मान घालून फेस करायला लागला. आईनं सांगितलं, कोर्टात केस चालू आहे, आम्ही मागे घेतली नाही. पण दर रविवारी हा येतो. पहिल्यांदा आला तेव्हा तिनं दार लावून घेतलं होतं. दुसऱ्यांदाही. कितव्यांदा उघडलं, ते तिला आठवत नाही.

“कोणी सांगितलं होतं का यायला?” मी नितीनला विचारलं. “वकिलानं वगैरे?”

“वकील तर नको जाऊ म्हणते,” नितीन म्हणाला.

मग मी प्रफुल्लला पुस्तकाबद्दल विचारलं. तो म्हणाला, “चांगलं आहे. पण ते कडं काही पटलं नाही मले.” का, ते विचारणार तेवढ्यात नितीननं त्याच्या गालांना फेस लावला, त्यामुळे बोलणं थांबलं. नितीननं वस्तरा उघडला. अंगठ्यावर धार पाहिली.

मला राहवलं नाही. मी प्रफुल्लला विचारलं, “भीती नाही वाटत?”

नितीनचा हात थांबला. आईचाही, कप उचलता उचलता.

“दरवेळी वाटते,” प्रफुल्ल म्हणाला, आणि त्यानं मान वर केली.