कोरडा शिधा

"शिजलेलं नाई पाहिजे, बाई. कोरडं असन तर द्या."

म्हातारी माझ्याकडे न बघता बोलली. माझ्या हातात पळी. पुढे खिचडीचा गंज, वाफाळलेला. आर्णीपलीकडच्या त्या गावात नदी घराघरांत शिरली होती. शेतमालक, मजूर, सगळेच उंचावरच्या झेडपी शाळेत येऊन बसले होते. आमच्या चर्चच्या संस्थेनं तिथे मदतकार्य सुरू केलं होतं. स्वयंपाक माझ्याकडे होता.

मुलांनो, तुम्ही दूर वाढलात, म्हणून नीट सांगते. माझ्या आजोबांनी येशूला स्वीकारलं. गावानं त्यांची जात मात्र धरून ठेवली. आमच्या हातचे कच्चे तांदूळ चालतात. आमच्या हातून त्याच तांदळांना पाणी आणि आग लागली, की ते बाटतात.

"तुमची लाकडं भिजली आहेत. शिजवणार कशावर?" मी विचारलं.

"ते आमचं आमी पाहून घेऊ." मग मागच्या बायांना ऐकू जाईल असं, "खिचडीसंगं येशूबी वाढून राह्यली का वं ही!"

बाया हसल्या.

तिच्यामागे तिची सून बसली होती. ओली बाळंतीण. मांडीवर लेकरू रडत होतं. मी शाळेत शिकवायची, तेव्हा ही मुलगी माझ्या वर्गात होती. इंग्रजी कविता घडाघडा म्हणायची. तिनं लेकरू खाली ठेवलं आणि ताट घेऊन माझ्यापुढे आली.

"मॅडम, वाढा. कालपासून पोटात काई नाई. लेकराले दूध येऊन नाई राह्यलं."

मी वाढलं. घास तोंडापर्यंत गेला नाही. सासूनं ताट हिसकावलं आणि दारातल्या कुत्र्यापुढे उपडं केलं.

"एखादा दिस उपाशी राह्यल्यानं कोणी मरत नाई."

कुत्रा खात होता. आम्ही तिघी बघत होतो.

संस्थेचे साहेब नागपूरहून आलेले. आपल्यातलेच. प्रार्थना फार सुंदर करतात. त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"आंटी, वाईट वाटून घेऊ नका. उद्यापासून त्यांच्यातलीच एखादी बाई स्वयंपाकाला लावू. तुम्ही ताडपत्र्या वाटा. शेवटी लोकांनी जेवणं महत्त्वाचं, नाही का?"

म्हातारीनं मला नवीन काही सांगितलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं. ताट ओतणारीला त्यांनी एक शब्द विचारला नाही. चुलीपुढून उठायचं ते मी.

"नाही," मी म्हणाले. "पळी काढून घ्यायची असेल, तर आत चला आणि सगळ्यांसमोर घ्या."

त्यांनी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रांधलं. मजूर जेवले, तांड्यावरचे जेवले. म्हातारी आणि तिच्याकडच्या बाया भिंतीकडे तोंड करून बसल्या. दुपारी सुनेला ट्रॅक्टरमध्ये घालून नेलं. दवाखान्यात की माहेरी, मी विचारलं. कोणी सांगितलं नाही. तिच्या जागेवर आमच्याच संस्थेची तांदळाची पिशवी पडली होती. न उघडलेली.

ही माणसं बदलतील, असं मी तुम्हाला लिहिणार नाही. मला तसं दिसत नाही. बाहेरची बदलणार नाहीत, आणि आपल्यातलीही नाहीत. नदी पुन्हा येईल, एवढं दिसतं. तेव्हाही चूल मीच पेटवीन. कोरडा शिधा घेऊन मी कोणापुढे उभी राहणार नाही.