उतरलेला काउंट

आईचं ऑपरेशन नांदेडला झालं. आतडं फुटून पोटात पू पसरला होता. कुरुंद्याला घरी होती तोवर बेंबी सरकली असेल म्हणून ती शेजारणीकडून पोटाला तेल लावून घेत राहिली. मधे एकदा दुखणं अचानक थांबलं. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. आतडं बहुधा तेव्हाच फुटलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

ऑपरेशननंतर आमचे दिवस रक्ताच्या रिपोर्टवर जाऊ लागले. सकाळी रक्त काढत, दुपारी कागद येई. पांढऱ्या पेशींचा काउंट खूप वाढलेला होता. हे वाढणं चांगलं नाही, आत जंतू आहेत, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सीआरपी म्हणून आणखी एक तपासणी होती. अंगातली सूज किती, ते तिच्यावरून कळे. ती बाहेरच्या लॅबला जायची आणि तिचा कागद उशिरा यायचा. म्हणून बाबा काउंटवरच नजर लावून बसत. इंग्रजी त्यांना येत नसे, पण आकडा वाचता येई.

एका दुपारी काउंट एकदम खाली आला. धडधाकट माणसाचा असतो त्याहूनही कमी. बाबा खाली जाऊन एसटीडीवरून मावशीला काउंट उतरल्याचं सांगून आले. संध्याकाळच्या जीपवाल्याच्या हाती मावशीनं वरणभाताचा डबा पाठवला. आईला तोंडानं पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं.

डबा बाबांच्या मांडीवर असतानाच डॉक्टर सीआरपीचा कागद घेऊन आले. सूज उलट वाढली आहे, म्हणाले, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी संपत चालल्या आहेत, म्हणून काउंट खाली गेला.

"पण वाढणं वाईट, असं तुमीच म्हणले होते न साहेब," बाबा म्हणाले.

"हो. इतकं उतरणं त्याहून वाईट."

डॉक्टर गेल्यावर बाबा मला म्हणाले, "तुह्या मावशीला आताच नको सांगू. आजच्या दिवस नीट जेवू दे त्यायला."

मी बरं म्हणालो. दुसरं काही सुचेना म्हणून आम्ही दोघं तो डबा जेवलो. भात गार झाला होता. मीठ बराबर होतं.

आई दुसऱ्या दिवशी गेली. काउंट तर उतरला होता ना, असं मावशी अजूनही मधेच विचारते. मी हो म्हणतो.