कढीपत्ता कुणाच्या पोटात

राजाभाऊंची आणि माझी ओळख जिन्यात झाली. माझं सामान ट्रकमधून उतरत होतं, कपाट वळणावर अडकलं होतं आणि मी हमालांवर ओरडणं हिंदीत सुरू करून मराठीत संपवत होते. ते ऐकून वरच्या मजल्यावरून एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पायजमा-बनियनवर खाली आले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "लांबचा प्रवास झाला ना? आज पोट साफ झालं का?"

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला आहे. बेडकाच्या आतड्यापासून माणसाच्या जठरापर्यंत कशाची मला किळस नाही. तरी अनोळखी पुरुषाला या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला.

"झालं," मी म्हटलं.

"मग काळजी नाही," ते म्हणाले आणि त्यांनी कपाटाला खांदा लावला.

राजाभाऊ मूळचे कऱ्हाडचे. हवाई दलात रसदीच्या भांडारात नोकरी झाली. मुलगा हर्षवर्धन मोहालीत कॉम्प्युटर कंपनीत लागला, सून रागिणी सेक्टर १७ मधल्या एका बँकेत, म्हणून म्हातारपणी विमानतळाजवळच्या एयरोसिटी वसाहतीत त्यांच्याकडे राहायला आले. डोक्यावरून विमान गेलं की अजूनही वर बघतात, पण खरं लक्ष कायम खाली, स्वतःच्या पोटाकडे. आयुष्यभर माणसांना जेवू घातल्यामुळे त्यांची अशी पक्की समजूत झाली आहे की जगातली भांडणं, बदल्या, घटस्फोट, सगळं काही बद्धकोष्ठातून येतं.

पचनसंस्था त्यांनी सैन्याच्या पद्धतीने लावून घेतली आहे. तोंड म्हणजे गेटवरचा पहारेकरी, जठर म्हणजे भटारखाना, लहान आतडं रेशन वाटणार, मोठं आतडं पाण्याचा थेंब न थेंब परत घेणार. इथवर मी ऐकून घेते, कारण बरंचसं बरोबर आहे. पण पुढे ते म्हणतात की ही सगळी पलटण सकाळी जागी होत नाही, तिला बिगूल लागतो, आणि तो बिगूल म्हणजे कढीपत्ता. तिथे माझा संयम सुटतो.

"राजाभाऊ, पान म्हणजे पान. थोडा चोथा पोटात जातो, एवढंच."

"लीलाताई, तुम्ही पुस्तकातलं पोट बघितलंय. मी हे वापरतोय."

त्यांचा कढीपत्ता म्हणजे बाल्कनीतली एक कुंडी. रोप कऱ्हाडहून डालड्याच्या डब्यात घालून, रेल्वेत मांडीवर घेऊन आणलेलं. इथली थंडी त्याला सोसत नाही. धुकं पडलं की पानं गळायला लागतात, मग कुंडी दिवाणखान्यात येते आणि राजाभाऊ झाडाला हवाई दलातला आपला जुना स्वेटर घालतात. पाहुण्यांना वाटतं घरात आणखी कुणी म्हातारं माणूस आहे. रोज सकाळी मूठभर पानं चावायची, वर गरम पाणी, मग बागेला चकरा, आणि मग लगबगीने घर. त्या वेळेला घरातलं एक न्हाणीघर त्यांच्यासाठी मोकळं ठेवायचं असतं. हर्षवर्धनची एकदा परदेशातल्या साहेबाबरोबर मीटिंग सुरू व्हायची होती, तरी तो तोंडावरचा साबणही न धुता बाहेर आला होता.

आता पूर्वी. पूर्वी म्हणजे राजाभाऊंची नात, सहावीतली. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. 'आजोबा' हा एक शब्द सोडला तर तिच्या तोंडून मराठी येत नसे. राजाभाऊंनी त्यावर उपाय काढला होता, तो म्हणजे हिंदी ऐकूच न येणं.

"आजोबा, चार्जर कहाँ है?"

"काही ऐकू आलं नाही."

मग ती चार्जर स्वतः शोधायची. म्हणजे उपायाचा उपयोग तिला झाला, त्यांना नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी राजाभाऊंनी मराठी मंडळाच्या बैठकीत, कुणालाही न विचारता, जाहीर करून टाकलं की यंदाच्या कार्यक्रमात पूर्वी मराठीतून भाषण करणार. आमचं मंडळ लहान. त्यात फौजी कुटुंबं आणि मोहालीतली नोकरदार मुलं. कुणाचं पोर घरी कुठल्या भाषेत बोलतं हे प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येकजण स्वतःचं झाकून दुसऱ्याचं मोजत असतो. दोन वर्षांपूर्वी पूर्वी स्टेजवर 'नमस्ते जी' म्हणून खाली उतरली होती, आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं होतं. ते राजाभाऊंच्या पोटात होतं. तेवढं एकच त्यांना पचलेलं नव्हतं.

पूर्वीने साफ नाही म्हटलं. आठवडाभर घरात धुसफूस. मग एका संध्याकाळी ती मला ओढत बाल्कनीत घेऊन गेली. कढीपत्त्याच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या अळ्या होत्या, लिंबाच्या फुलपाखराच्या. हे फुलपाखरू लिंबावर अंडी घालतं तसं कढीपत्त्यावरही घालतं. मी तिला अंडं, अळी, कोश, फुलपाखरू असं सगळं सांगितलं. ती आत गेली आणि आजोबांपुढे उभी राहिली.

"मैं भाषण दूँगी। मराठी में। कढीपत्ते की तितली पर। पर तब तक कढीपत्ता बंद।"

राजाभाऊंना या वेळी हिंदी स्वच्छ ऐकू आलं. "कबूल," ते म्हणाले. विचार नंतर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिगूल नाही. राजाभाऊंनी गरम पाणी घेतलं, चकरा मारल्या, घरी आले, न्हाणीघरात गेले आणि तसेच परत आले. चेहरा असा की रागिणीला वाटलं कुणी गेल्याचा फोन आला. मनाला काही उद्योग हवा म्हणून त्यांनी झाडाची सेवा करायचं ठरवलं. नातीच्या अळ्या इथेच वाढणार, त्यांचं घर स्वच्छ हवं. बघतात तर पानापानावर पाखरांनी घाण केलेली. फौजी माणूस, त्याला हे बघवेना. ओलं फडकं घेऊन त्यांनी एकेक पान दोन बोटांत धरून बूट पुसावा तसं पुसलं, आणि फडकं बाल्कनीबाहेर झटकलं.

लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते. पाखरांनी खाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली युक्ती. पाखरं फसतात. राजाभाऊही फसले.

पूर्वी शाळेतून आली, झाडाकडे बघितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. आता ती हिंदीतही बोलेना. राजाभाऊ माझ्याकडे आले. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"लीलाताई, मी अळी म्हणजे हिरवी समजत होतो."

"मोठी झाल्यावर होते हिरवी. मला विचारायचंत."

"विचारायचं काय? मी तर शीट पुसत होतो."

मी वर गेले, चष्मा लावून झाड पालथं घातलं. एका पानाच्या मागे, देठाशी, एक अळी राहिली होती. राजाभाऊंची नजर कमजोर म्हणून वाचलेली. मी पूर्वीला हाक मारली. तिने बघितलं, डोळे पुसले आणि आजोबांकडे बोट दाखवून मला म्हणाली, "ये मर गई तो भाषण कैन्सल।"

तेव्हापासून राजाभाऊंची ड्यूटी बाल्कनीत लागली. खुर्ची टाकून, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन ते बसत. बुलबुल आला की गुंडाळी हलवायची, पाल दिसली की पाय आपटायचा. खालच्या पार्किंगमधले लोक वर बघायला लागले. आणि बसल्या बसल्या त्यांनी अळीचं निरीक्षण सुरू केलं. मी त्यांना सांगितलं होतं की अळी म्हणजे मुख्यतः पाय फुटलेलं आतडं. तिला दुसरं काही काम नाही. खायचं, पचवायचं, टाकायचं, कातडी लहान झाली की ती टाकून पुन्हा खायचं.  हे ऐकल्यावर राजाभाऊंनी झाडाखाली पांढरा कागद पसरला आणि दर थोड्या वेळाने पडणाऱ्या लेंड्या बघत राहिले.

"काही गडबड नाही, कुंथणं नाही," ते मला म्हणाले. "नशीब काढलंय."

एकदा त्यांनी बोट लावलं तर अळीने डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. मी म्हटलं, घाबरून सोडते, बचावासाठी. ते म्हणाले, "नाही, गॅस आहे. मला कळतं."

पूर्वी अभ्यासाची पुस्तकं घेऊन बाल्कनीत यायला लागली. पहारा देता देता राजाभाऊ तिला अळीचं वर्तमान मराठीत देत, आणि ती ऐकत बसे. उत्तर हिंदीतच, पण आता राजाभाऊंना ते ऐकू येत होतं, कारण अळीची बातमी हवी असायची.

त्यांच्या स्वतःच्या पोटाचं म्हणाल तर रागिणीने इसबगोल आणलं, मी पपई पाठवली, भरपूर पाणी प्या म्हणून दम दिला. गाडी रखडत का होईना, चालू होती. ते मात्र कबूल करत नव्हते.

मग मंडळाचा रुपेश आला. हा उत्साही मुलगा मंडळाचा चिटणीस आहे. दरवर्षी महाप्रसादाच्या कढीला राजाभाऊंकडचाच कढीपत्ता जातो, तो न्यायला पिशवी घेऊन आला होता.

"यंदा नाही," राजाभाऊ म्हणाले.

"काका, सगळे विचारतात तुमच्या कढीपत्त्याचं. बाजारातल्याला तो वास नाही."

"अळी जेवतेय."

रुपेशने अळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काका, एका अळीसाठी मंडळाची कढी?"

"मंडळाला एक दिवस जेवायचंय. हिला आत्ताच जेवायचंय, नंतर नाही मिळणार."

रुपेश मोकळी पिशवी घेऊन गेला. मंडळात काय बोलणी झाली ती माझ्यापर्यंत आली, पण लिहिण्यासारखी नाहीत.

अळी बोटाएवढी झाली, हिरवीगार, आणि एके दिवशी तिने खाणं थांबवलं. दुपारी राजाभाऊ धापा टाकत माझ्या दारात.

"ताई, चला. हिला जुलाब झालेत."

कागदावर सुक्या लेंड्यांऐवजी ओला डाग होता. त्यांच्या एका हातात साखर-मिठाच्या पाण्याची वाटी आणि दुसऱ्यात ड्रॉपर होता. पूर्वी बाजूला रडायच्या बेतात. मला हसू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

"ठेवा ती वाटी. आजारी नाही ती. कोशात जायच्या आधी अळी पोट पूर्ण रिकामं करते. आत जे काही राहिलं असेल ते सगळं बाहेर, मग कोश."

राजाभाऊंनी वाटी खाली ठेवली.  मग पूर्वीकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "बघ. मी म्हणत नव्हतो? पोट साफ झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही."

दोन दिवसांत फांदीला कोश लटकला होता, सुकलेल्या पानाच्या तुकड्यासारखा. राजाभाऊंनी घरात जाहीर करून टाकलं की आता झाडाला कुणी फडकं लावायचं नाही. जणू आधी दुसऱ्याच कुणी लावलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी कोश तसाच होता. मग कुंडीच गाडीत घातली. पुढच्या सीटवर कुंडी पट्टा लावून, मागे राजाभाऊ, पूर्वी आणि मी. हॉलमध्ये कुंडी टेबलावर ठेवली. समोर माणसं भुकेली, स्वयंपाकघरातून बाजारच्या कढीपत्त्याच्या फोडणीचा वास. पूर्वी माइकपाशी आली. राजाभाऊ पहिल्या रांगेत, दोन्ही हात पोटावर.

सुरुवात पाठ केलेली होती, ती ठीक झाली. "फुलपाखराच्या आयुष्यात चार अवस्था असतात." मग ती अडखळली. पाठ संपलं होतं. मागे खुर्च्या वाजल्या. तिने आजोबांकडे बघितलं आणि तिला येत होतं ते मराठी बोलायला लागली. आणि तिला येत होतं ते सगळं बाल्कनीतलं होतं.

"अळी सकाळी उठते. आधी खाते. नीट चावून खाते. मग तिला होते. रोज होते, कुंथत नाही. कधी गॅस पण होतो. मग एक दिवस तिची भूक मरते. तिचा कोठा जड होतो. मग तिचं पोट एकदम साफ होतं. मग तिला मोकळं वाटतं. मोकळं वाटलं की ती झोपते, आणि मग तिला पंख येतात. म्हणून पोट साफ पाहिजे. धन्यवाद."

सगळा हॉल हसत सुटला. रुपेश खांबाला धरून हसत होता. एका निवृत्त कर्नलसाहेबांना पाणी द्यावं लागलं. पूर्वी आधी गोंधळली, मग तीही हसायला लागली, आणि टाळ्या थांबेचनात. राजाभाऊ हसत नव्हते. ते शेजारच्या बाईंना सांगत होते, "व्याकरण बघा. एक चूक नाही."

घरी जाताना ती गाडीत मला म्हणाली, "आजी, कढी बरी नव्हती ना?" मराठीत. मी मुद्दाम "नव्हती" एवढंच म्हटलं. असल्या वेळी कौतुक केलं की पोरं पुन्हा शिंपल्यात जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीच्या हाकांनी मी वर गेले. फुलपाखरू बाहेर आलं होतं, काळ्या अंगावर पिवळे ठिपके, पंख अजून ओले, चुरगळलेले. राजाभाऊंनी खाली हात धरला होता, पडलं तर झेलायला. पंख हळूहळू ताणले गेले, आणि मग फुलपाखराने राजाभाऊंच्या तळहातावर एक मळकट थेंब टाकला. कोशातला साठलेला मळ ते बाहेर आल्यावर असाच टाकतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण पूर्वी आधी बोलली.

"आजोबा, हिचं पण झालं."

"झालं," राजाभाऊ म्हणाले. त्यांनी हात पुसला नाही. फुलपाखरू बागेवरून पलीकडे गेलं, तोवर ते बघत राहिले.

मग मी म्हटलं, "आता खा तुमची पानं. करार संपला."

त्यांनी झाडाकडे हात नेला, आणि मध्येच थांबले. चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच उमटलं.

"पूर्वी," ते म्हणाले, "बाबा आत आहे का बघ. असला तर त्याला बाहेर काढ."

आणि पान न खाताच, लगबगीने, आत गेले.